राखणदाराचे ताट

गेल्या महिन्यात डिचोलीहून एका वाचक भगिनींचे पत्र आले. त्या लिहितात : "आमच्या मुलाने घरी कुत्रा आणला, इथपर्यंत ठीक. पण त्यास शिजविलेले अन्न द्यावयाचे नाही, कच्चेच मांस द्यावयाचे, असा त्याचा हट्ट आहे. फ्रीजमध्ये दुधाच्या पातेल्याशेजारी मांसाचे डबे दिसू लागले आहेत. मी काही बोलले की, आईचे हे जुने सोवळेओवळे आहे, असे म्हणून सगळे हसतात. आपले मत काय?"

पत्र वाचून आम्ही थोडे अवघडलो. कारण हाच प्रश्न दोन वर्षांपूर्वी आमच्या मुरगावच्या घरात उभा राहिला होता, आणि त्या वेळी आम्ही तो नीट हाताळला नव्हता. दुसऱ्यास उपदेश करण्यापूर्वी आपली चूक सांगावी हे बरे.

आमचा नातू बंगळूरुस नोकरीला असतो. त्या वर्षी पावसाळ्यात तो चार महिने घरूनच काम करण्यासाठी सड्यावर येऊन राहिला. सोबत ब्रूनो नावाचा त्याचा लॅब्राडॉर कुत्रा होता. नातू रोज सकाळी तराजूवर कोंबडीचे कच्चे मांस व कलेजी तोलून घेई आणि ताटली स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवी. त्याच सुमारास आमची नात माहेरपणास आली होती. तिची नऊ महिन्यांची मुलगी नुकतीच रांगू लागली होती. एका दुपारी आमचा डोळा लागला, आणि जाग आली तेव्हा पोरीचा हात त्या ताटलीत होता. हात धुतला, पण तोंडात जायचे ते त्यापूर्वीच गेले असावे. तिसऱ्या दिवशी ताप व जुलाब सुरू झाले. दोन रात्री इस्पितळात सलाइनवर काढाव्या लागल्या.

दुखणे त्या ताटलीतूनच आले, असे आम्ही शपथेवर सांगू शकत नाही. रांगत्या मुलाच्या पोटात रोग जाण्यास दहा वाटा असतात. पण त्या रात्री आम्हांस एवढा विवेक कोठून असणार? आम्ही नातवास नको ते बोललो. "या घरात एक तर तो कुत्रा राहील, नाही तर आम्ही," इथवर मजल गेली. नातू काही बोलला नाही. पहाटे उठून, न जेवता, ब्रूनोस घेऊन तो निघून गेला. पोर आठवड्यात बरी झाली. नातवाचा फोन मात्र तीन महिने आला नाही.

त्या तीन महिन्यांत आम्ही जे वाचले, पशुवैद्यांस जे विचारले, तेच आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम नातवाची बाजू. ती अगदीच पोकळ नव्हे. इयन बिलिंगहर्स्ट नावाच्या एका ऑस्ट्रेलियन पशुवैद्याने १९९३ साली पुस्तक लिहून असे मांडले की, कुत्रा हा लांडग्याच्या कुळातला. त्याचे मूळ अन्न कच्चे मांस व हाडे हेच होय, आणि कारखान्यातल्या गोळ्या खाऊन तो रोगी झाला आहे. हे मत पुढे पुष्कळ देशांत पसरले. २००७ साली उत्तर अमेरिकेत मेलॅमिन मिसळलेल्या खाद्यामुळे पाळीव कुत्रीमांजरे दगावली, त्यानंतर तयार खाद्यावरचा लोकांचा विश्वास अधिकच उडाला. आपल्या मुक्या जिवास भेसळ मिळू नये, त्याचे अन्न आपल्या हाताने द्यावे, ही भावना वाईट कशी म्हणावी? आम्ही त्या रात्री ती पाहिलीच नाही.

परंतु भावना खरी असली, तरी तिच्यातून काढलेला निष्कर्ष खरा असतोच असे नाही. कुत्रा लांडग्याच्या कुळातला खरा. पण माणसाच्या उंबरठ्याशी त्याच्या हजारो पिढ्या गेल्या आहेत. २०१३ साली स्वीडनमधील संशोधकांनी दाखवून दिले की, पिष्टमय अन्न पचविणाऱ्या एका जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, तर कुत्र्यात त्या चारपासून तीसपर्यंत आढळतात. म्हणजे आपल्या भाताने आणि भाकरीने कुत्र्याचे पोटच बदलून टाकले. पेडण्याडिचोलीच्या आपल्या जुन्या घरांत मोती असो वा वाघ्या, तो पेजेवर, भातावर आणि उकडलेल्या नुस्त्याच्या डोक्यांवर वाढला, आणि रात्रभर अंगण राखीत राहिला. डिचोलीचे खनिज बार्जींतून ज्या वाटेने मुरगाव बंदरास आले, त्याच वाटेने आपली कितीएक कुटुंबे वास्कोस आली. सोबत हा राखणदारही आला, आणि त्याचे ताटही.

आता धोक्याकडे वळू. कच्च्या मांसात रोगजंतू असू शकतात हे आपणांस ठाऊक आहे. म्हणून तर आपण ते शिजवून खातो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१० ते २०१२ या काळात पाळीव प्राण्यांसाठी विकल्या जाणाऱ्या कच्च्या खाद्याचे १९६ नमुने तपासले. त्यांपैकी १५ नमुन्यांत साल्मोनेला व ३२ नमुन्यांत लिस्टेरिया हे जंतू सापडले. स्वच्छ कारखान्यात बांधलेल्या मालाची ही स्थिती. मग भर पावसाळ्यात बाजारातून पिशवीत घालून आणलेल्या मांसाचे काय सांगावे? डबा फ्रीजमध्ये ठेविला म्हणजे जंतू मरतात, ही समजूत चुकीची आहे. थंडीने त्यांची वाढ मंदावते, मरण त्यांस येत नाही.

यात एक गोम आहे, ती विशेष ध्यानात घ्यावी. कुत्रा स्वतः बहुधा आजारी पडत नाही. तो खेळतो, उड्या मारतो, आणि घरातले म्हणतात, पाहा, याला काही झाले नाही. पण जंतू त्याच्या विष्ठेतून बाहेर पडत राहतात. त्याच्या जिभेवर, पायांवर, केसांवर ते घरभर फिरतात. ज्यांच्या अंगात प्रतिकाराची शक्ती कमी, त्यांस ते गाठतात : तान्ही मुले, गर्भवती स्त्रिया, म्हातारी माणसे. अमेरिकेतील पशुवैद्यक संघटनेने २०१२ साली कच्चे मांस देऊ नये असा सल्ला दिला, त्यात प्राण्यांच्या आरोग्याइतकाच माणसांच्या आरोग्याचाही विचार होता.

दुसरा धोका कलेजी व फुप्फुस यांचा. मेंढ्या, बकऱ्या, गाईगुरे यांच्या या अवयवांत कधी कधी पाण्याने भरलेले फोड असतात. असा फोड कुत्र्याच्या पोटात कच्चा गेला, म्हणजे त्यातून अवघ्या काही मिलिमीटर लांबीचे फीतकृमी वाढतात. त्यांची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून व केसांवरून माणसाच्या हाती व पुढे पोटात जातात. मग माणसाच्या यकृतात वा फुप्फुसात तसाच फोड तयार होतो. वर्षानुवर्षे तो मुकाट्याने वाढतो, आणि पुष्कळदा शस्त्रक्रियेची पाळी येते. आइसलंड हा देश एकोणिसाव्या शतकात या रोगाने गांजला होता. क्राब्बे नावाच्या डॅनिश शास्त्रज्ञाने १८६३ साली तेथे जाऊन रोगाचे मूळ शोधले. त्याने लिहिलेली पुस्तिका लोकांत वाटली गेली, पुढे कायदे झाले. फोड असलेले अवयव कुत्र्यांपुढे टाकू नका, पुरा किंवा जाळा, आणि कुत्र्यांस जंतांचे औषध द्या, एवढेच मुख्यतः सांगणे. एवढ्याने तो देश या रोगातून सुटला. न्यूझीलंडनेही कुत्र्यांस कच्चे अवयव देण्यावर बंदी घातली, आणि २००२ साली तो देश या रोगातून तूर्त मुक्त झाल्याचे जाहीर झाले.

तिसरी गोष्ट अलीकडची, आणि आपल्याच मुलखाजवळची. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा प्राणी बचाव केंद्रात तीन वाघ व एक बिबट्या बर्ड फ्लूने दगावले. बाधित कोंबडीच्या कच्च्या मांसातून रोग गेला असावा, असा संशय व्यक्त झाला. २०२५ च्या आरंभी मध्य प्रदेशातील छिंदवाड्यात, जेथे आपल्या भाषेची पुष्कळ घरे आहेत, पाळीव मांजरांत हाच विषाणू आढळला. मांजरांच्या मानाने कुत्र्यांस हा रोग क्वचित होतो, पण होतच नाही असे नव्हे. २००४ साली थायलंडमध्ये रोगट बदकांचे मांस खाल्लेला एक कुत्रा याच रोगाने मेला. ज्या वाघाच्या नावाने आपण कुत्र्यास कच्चे मांस घालतो, तो वाघही कच्च्या मांसापासून सुरक्षित राहिला नाही!

खुद्द कुत्र्याचे हित पाहिले, तरी नुसते मांस हे पूर्ण अन्न नव्हे. मांसात फॉस्फरस पुष्कळ आणि कॅल्शियम फार थोडे. वाढत्या पिल्लास नुसत्या मांसावर ठेविले, तर ते हाडांतले कॅल्शियम ओढून घेते. पाय वाकतात, हाडे मोडतात. खारीवाड्यावरून आणलेले ताजे नुस्ते रोज कच्चे घालणारे काही वाचकही आम्हांस ठाऊक आहेत. काही जातींच्या कच्च्या माशांत बी-१ जीवनसत्त्व नष्ट करणारा पदार्थ असतो. १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेत कच्चे मासे खाऊ घातलेल्या पाळीव कोल्ह्यांचे पाय लुळे पडले व ती मेली, ती यामुळेच. शिजविल्यावर तो पदार्थ निकामी होतो. आपल्या आजीने नुस्त्याची डोकी उकडूनच घातली, तिला हे शास्त्र ठाऊक नव्हते. पण तिचे वळण बरोबर होते.

याचा अर्थ कुत्र्यास ताकभातावर ठेवावे असाही नव्हे. काही शाकाहारी घरांत तेही चालते, आणि ते प्राण्यावर अन्याय करणारे आहे. कुत्र्यास मांस, मासे, अंडी यांतले प्रथिन हवेच. कोंबडीचे मांस हाडे काढून कुकरमध्ये चांगले शिजवावे. त्यात मऊ भात व लाल भोपळा किंवा गाजर घालावे. मीठ, मसाला, कांदा, लसूण यांतले काही घालू नये. कांदालसणाने कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट होतात. द्राक्षे व मनुका मूत्रपिंडास अपाय करतात, आणि चॉकलेट तर विषच. शिजलेले हाडही देऊ नये. ते टोकदार फुटते व आतड्यात रुतते. कॅल्शियम किती व कसे द्यावे, हे पिल्लाचे वय व वजन सांगून पशुवैद्यास विचारावे. जंतांचे औषध व रेबीजची लस वेळच्या वेळी द्यावी. २०२१ साली आपले गोवा राज्य रेबीज-नियंत्रित म्हणून घोषित झाले, ते घरोघरच्या व रस्त्यावरच्या कुत्र्यांस वर्षानुवर्षे लस टोचल्यामुळे. कुत्र्याचे आरोग्य आणि माणसाचे आरोग्य या दोन गोष्टी नव्हेत, हे आपल्या गोव्याने अनुभवाने जाणले आहे.

आणि कुत्र्याची ताटली मुलांच्या वाटेत ठेवू नये. तो जेवला की ती लगेच उचलावी, साबणाने धुवावी व वेगळी ठेवावी. डिचोलीच्या भगिनींनी हे सोवळे खुशाल पाळावे. यास हसण्याचे कोणास कारण नाही.

हे सारे आम्ही नातवास एका लांबलचक पत्रात लिहून पाठविले. पण पत्राच्या आरंभी दुसरेच वाक्य होते : त्या रात्री ताटलीविषयी आम्ही बरोबर होतो, तुझ्याविषयी नव्हतो. आठ दिवसांनी फोन आला. "आजोबा, भोपळा किती घालायचा?" एवढेच त्याने विचारले. आम्हांसही त्याहून अधिक काही नको होते.

यंदा चतुर्थीस तो ब्रूनोस घेऊन घरी आला. पहाटे स्वयंपाकघरात कुकरची शिटी ऐकू आली, म्हणून आम्ही उठून पाहिले. नातू पाटावर बसून कोंबडी निवत घालीत होता, आणि त्या वेळची ती रांगती पोर, आता दुडदुडणारी, हात धुऊन दाराशी उभी होती. "ब्रूनोचं जेवण गरम आहे, थांब," असे ती त्या कुत्र्यास समजावीत होती.

नामदेवांच्या ताटातली कोरडी पोळी कुत्र्याने पळविली, तेव्हा ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही कथा आपण मुलांना सांगत आलो आहोत. कोरडे अन्न त्याच्या घशाखाली कसे उतरेल, ही त्यांची काळजी. मुक्या जिवास काय द्यावे यापेक्षा कसे द्यावे, हे त्या कथेत अधिक आहे. आपल्या राखणदाराचे ताटही त्याच काळजीने वाढावे. त्यासाठी चुलीवर आणखी पाऊण तास ठेवावे लागले, तर तेवढा वेळ त्याचा आपल्यावर हक्काचा आहे.