आकडा पुरे, आता नावे कोरा!

ग्रामस्थहो,

सातारा-रत्नागिरीकडच्या कित्येक गावांत इंग्रज सरकारने पहिल्या महायुद्धानंतर बसवलेली संगमरवरी पाटी आहे. १९१४ ते १९१९ च्या लढाईत गावातून किती जण गेले आणि किती कामी आले, एवढाच तिच्यावर हिशेब. नाव एकाचेही नाही.

ही माणसे गेली कुठे? १७६८ साली मुंबईत उभी राहिलेली जंगी पलटण, म्हणजे तेव्हाची १०३ वी मराठा लाइट इन्फंट्री, ११० वी आणि ११७ वी यांच्यासह सहाव्या पुणे डिव्हिजनमधून मेसोपोटेमियात लढली. डिसेंबर १९१५ मध्ये तुर्कांनी ही फौज कुत-अल-अमाऱ्यात कोंडली. रसद आटली, घोडे कापून खायची पाळी आली. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली. सुमारे १३ हजार लोक कैद झाले. वाळवंटातल्या पायपिटीत आणि छावण्यांत त्यांतले हजारो खपले.

१९२९ साली बसऱ्याला स्मारक झाले. त्यावर गोऱ्या शिपायाचे नाव कोरले, हिंदी अधिकाऱ्याचेही कोरले. हिंदी शिपायाच्या वाट्याला पलटणीच्या नावाखाली नुसती संख्या आली. ही विषमता २०२१ साली राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाने लेखी कबूल केली, माफीही मागितली. साहेबाने चूक मान्य केली. आपल्या ग्रामपंचायतीने अजून पाटीकडे पाहिलेलेही नाही!

कोणी म्हणेल, ते तर इंग्रजांसाठी लढले. राज्य इंग्रजांचे होते, मरणारा मात्र आपल्या गावचा होता. त्याच पलटणी आज भारतीय सैन्यात आहेत आणि बेळगावच्या केंद्रात रंगरुटांना त्यांचाच इतिहास अभिमानाने शिकवतात. परंपरा हवी आणि ती घडवणारी माणसे नकोत, हा कुठला न्याय?

दुसऱ्या महायुद्धात इटलीत पडलेले माणगाव तालुक्याचे यशवंत घाडगे यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावात त्यांचा पुतळा आहे. इटलीतल्या माँतोने गावानेही २०२३ साली त्यांचे स्मारक केले. योग्यच झाले. पण पदक नाही म्हणून बाकीच्यांनी आकड्यातच राहायचे काय?

नावे मिळत नाहीत, ही सबब आता चालणार नाही. आयोगाच्या नोंदींत पुष्कळ हिंदी शिपायांचे नाव, बापाचे नाव, गाव आणि तालुका आहे. त्या घरबसल्या पाहता येतात.

म्हणून आमची मागणी:

१. येत्या ग्रामसभेत ठराव करा. जुन्या पाटीखाली नावांची मराठी पाटी ग्रामनिधीतून बसवा.

२. जुनी पाटी काढू नका, तिला रंग फासू नका, तिच्यावर फ्लेक्स टांगू नका.

३. माजी सैनिक आणि शाळेतली मुले यांनी नोंदी गावातल्या घरांशी ताडून पाहाव्यात. खात्री पटेपर्यंत एकही नाव कोरू नये.

४. यादीत जात पाहू नका. मराठा पलटणींत दख्खनी मुसलमानांच्या कंपन्या होत्या. १११ वी महार पलटण १९१७ साली गरजेपुरती उभारली आणि १९२१ साली मोडली. गावाच्या आकड्यात जो मोजला, तो यादीतही आलाच पाहिजे.

कमान नको, मंत्र्यांच्या हस्ते उद्घाटन नको. जत्रेतल्या डीजेला वर्गणी जमते, तिथे एका पाटीला पैसा नाही असे कोणी सांगू नये. ठराव मांडा, हात वर करा आणि पाथरवटाला बोलवा!

— मराठा पलटणींच्या मुलखातले काही नागरिक

(वाचा आणि शेजारच्या गावात द्या.)