शाल देण्याआधी हिशेब मागा!

गणपती जवळ आले की आपल्या मंडळांत पहिली चर्चा होते ती प्रमुख पाहुण्यांची. खासदार मिळतील का? आमदार? निदान नगरसेवक तरी? मग कोणाची तरी ओळख निघते, साहेब दीड तास उशिरा येतात, शाल-श्रीफळ होते, ते दोन वाक्ये मराठीत बोलतात आणि आपण टाळ्या वाजवून धन्य होतो. या गृहस्थांनी वर्षभर सभागृहात नेमके काय केले, हे मात्र व्यासपीठावरचा किंवा खालचा एकही माणूस विचारत नाही. पाहुण्याला असे विचारणे बरे दिसत नाही म्हणे! अहो, तो पाहुणा नाही, आपल्या पैशावर नेमलेला माणूस आहे.

सगळ्यात मोठा हिशेब मताचा. लोकप्रतिनिधीला आपण पाठवतो ते मत द्यायला. पण त्याने मत कुठे टाकले हे कळते का? तेलंगण राज्याचेच पाहा. १८ फेब्रुवारी २०१४ रोजी लोकसभेत राज्य विभाजनाचे विधेयक मंजूर झाले. या शहराच्या दृष्टीने गेल्या पन्नास वर्षांतला एवढा मोठा निर्णय दुसरा नाही. तो झाला आवाजी मतदानाने, आणि त्या वेळी सभागृहाचे थेट प्रक्षेपणही बंद पडले होते! कोण 'हो' म्हणाले, कोण 'नाही' म्हणाले, याची नावनिशीवार नोंद नाही. उद्या नातवाने विचारले तर दाखवायला कागद नाही.

याच्या उलट उदाहरण २० सप्टेंबर २०२३ चे. महिला आरक्षणाचे घटनादुरुस्ती विधेयक. घटनादुरुस्तीला विशेष बहुमत लागते, त्यामुळे मते मोजावीच लागतात. बाजूने ४५४, विरोधात २. ते दोघे कोण? हैदराबादचे असदुद्दीन ओवेसी आणि औरंगाबादचे तेव्हाचे खासदार इम्तियाज जलील. मुस्लिम आणि ओबीसी महिलांना त्यात वेगळा वाटा नाही, हे त्यांचे कारण. ते कोणाला पटेल, कोणाला पटणार नाही. पण निदान भांडायला हातात काहीतरी आहे! विरोधात गेलेल्या माणसाचे नाव आणि कारण दोन्ही आपल्याला माहीत आहेत. बाकीच्या शेकडो विधेयकांच्या वेळी आपले खासदार काय म्हणाले, ते त्यांना आणि देवाला ठाऊक.

कोणी म्हणेल, व्हिप असतो, पक्ष सांगेल तसे मत द्यावे लागते. खरे आहे. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने तसे करून ठेवले आहे. पण याच कायद्याचे आपल्याकडे काय झाले? २०१८ मध्ये तेलंगणात काँग्रेसचे १९ आमदार निवडून आले. एक जण खासदार झाले, उरले १८. त्यातले १२ जण जून २०१९ मध्ये तेव्हाच्या टीआरएसमध्ये 'विलीन' झाले. बरोबर दोन तृतीयांश, कायद्यात चपखल! २०२३ नंतर वारा उलटा फिरला. खैरताबादचे आमदार दानम नागेंदर बीआरएसच्या चिन्हावर निवडून आले आणि आमदारकी न सोडता २०२४ साली सिकंदराबादहून काँग्रेसच्या चिन्हावर लोकसभेला उभे राहिले. म्हणजे एका विधेयकावर मनाप्रमाणे मत दिले तर आमदारकी जाते, आणि अख्खा पक्ष बदलला तरी खुर्ची हलत नाही. सामान्य मतदाराने याला काय म्हणावे?

आता हजेरी आणि प्रश्न. खासदारांपुरती ही माहिती सहज मिळते. पीआरएस ही दिल्लीची संस्था २००५ पासून हे काम करते. हजेरी, प्रश्न, चर्चा, खासगी विधेयके, सगळे मांडलेले असते. पण आकडा डोळे मिटून घेऊ नये. मंत्री हजेरीपटावर सही करत नाहीत, प्रश्नही विचारत नाहीत. म्हणून सिकंदराबादच्या किशन रेड्डींच्या नावापुढे रकाना रिकामा दिसला तर ते गैरहजर होते असे होत नाही. आणि सही म्हणजे काम नव्हे. दैनिक भत्ता मिळवायलाही सही लागतेच! प्रश्नांचेही तसेच. डिसेंबर २००५ मध्ये प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्याबद्दल ११ खासदारांना संसदेतून काढले, त्यात जळगाव आणि एरंडोलचे दोघे आपलेच मराठी होते. तेव्हा किती प्रश्न विचारले हे मोजून थांबू नका, काय विचारले ते वाचा. नाल्याचा, शाळेचा, एमएमटीएसच्या गाडीचा एक तरी आहे का?

पैशाचे तर बोलायलाच नको. खासदार निधी वर्षाला पाच कोटी. कामाची शिफारस खासदार करतो, मंजुरी जिल्हा प्रशासन देते, पैसा आपला, आणि फलकावर मोठे नाव कोणाचे? दहा रुपयांच्या अर्जावर माहितीचा अधिकार हा सगळा हिशेब तीस दिवसांत द्यायला लावतो. निवडणूक खर्चाचे नाटक निराळेच. आज लोकसभेला मर्यादा ९५ लाख, विधानसभेला ४० लाख, आणि निकालानंतर ३० दिवसांत हिशेब द्यावा लागतो. बीडचे गोपीनाथ मुंडे २०१३ मध्ये भर सभेत बोलून गेले की २००९ च्या निवडणुकीत आपला आठ कोटी खर्च झाला. तेव्हा मर्यादा होती २५ लाख! आयोगाची नोटीस आली, गाजावाजा झाला. मुंडे खरे बोलले म्हणून सापडले. बाकीच्यांचे हिशेब मर्यादेच्या आत कसे नीटनेटके बसतात, ते एकदा मागवून पाहाच.

"आपण मूठभर, आपल्याला कोण विचारतो?" हे पालुपद काचिगुड्यापासून सुलतान बाजारापर्यंत ऐकू येते. २०२० च्या महापालिका निवडणुकीत निम्म्याहून कमी मतदार घराबाहेर पडले. अशा ठिकाणी एका मोहल्ल्यातली पन्नास घरे एकत्र येऊन लेखी प्रश्न विचारू लागली तर नगरसेवकाला ऐकावेच लागते. आणि आपण काही कालपरवा आलेले लोक नाही. १९५२ साली हैदराबाद राज्याची पहिली विधानसभा भरली तेव्हा सभापतीच्या खुर्चीत काशिनाथराव वैद्य होते. त्या सभागृहातल्या चर्चांचे छापील खंड आजही वाचता येतात; कोण काय बोलले ते पानावर आहे.

म्हणून सर्व मंडळांच्या कार्यकारिणींना आमची सूचना अशी: यंदा निमंत्रणपत्रासोबत एक कोरा कागद जोडा. गेल्या वर्षातली सभागृहातली हजेरी, विचारलेले प्रश्न, निधीतून झालेली कामे आणि त्यांचा खर्च, एवढे चारच रकाने. साहेबांच्या कार्यालयाने तो भरून पाठवला तर व्यासपीठावरून मोठ्याने वाचून दाखवा आणि मग खुशाल शाल घाला. नाही पाठवला तर त्या दिवशी दहावीत पहिल्या आलेल्या मुलीच्या हस्ते आरती करा. शालीचे पैसे वाचनालयाला द्या.