पद्मिनीची गादी उसवण्याआधी

मुंबईतली शेवटची प्रीमिअर पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली. टॅक्सीला वयोमर्यादा वीस वर्षांची. त्यामुळे 2023चा ऑक्टोबर संपता संपता काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून उतरली. आपण हळहळलो, फोटो काढले आणि आपापल्या कामाला लागलो.

पण टॅक्सी गेल्या तरी घरच्या गाड्या अजून आहेत. सोसायटीच्या कोपऱ्यात, गावच्या घरामागच्या शेडमध्ये आजोबांनी हौसेनं घेतलेली फियाट किंवा पद्मिनी अजून उभी आहे. काहींची इंजिनं आजही एका चावीत सुरू होतात. धोक्यात आहे ती या गाड्यांची आतली बैठक आणि तिच्याभोवतीच्या बारीकसारीक सोयी. त्या वाचवायच्या तर आपल्यालाच हालचाल करायला हवी.

वालचंद हिराचंदांनी उभ्या केलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीची फियाट 1100 आपली झाली. 1964मध्ये 'डिलाइट' आली आणि 1974पासून तीच गाडी पद्मिनी म्हणून ओळखली जाऊ लागली. तिच्या 1089 सीसीच्या इंजिनाबद्दल भरभरून बोलणारे पुष्कळ भेटतात. गादीबद्दल फारसं कोणी बोलत नाही, म्हणून आपण जरा तिथं थांबू.

पुढचं दार उघडा. दोन सुट्या सीट नाहीत, या दारापासून त्या दारापर्यंत सलग गादी आहे. गिअरचा दांडा स्टेअरिंगपाशी, म्हणून मधली जागा मोकळी. गादीखाली लोखंडी सांगाडा, त्यात स्प्रिंगा, स्प्रिंगांवर जाड कापड, त्यावर भराव आणि सगळ्यात वर रेक्झिन. रेक्झिनवरच्या उभ्या शिवणी शोभेच्या खऱ्याच, पण भराव सरकून एका जागी गोळा होऊ नये हे कामही त्याच करतात. खड्डा आला की आधी स्प्रिंग दबते, मग भराव, आणि कंबरेपर्यंत पोचेतो धक्का बराच मावळलेला असतो.

बसायची उंचीही बघा. गादी घरातल्या खुर्चीसारखी, पाठ बऱ्यापैकी ताठ. गुडघे दुखणारी आजी आधी टेकते, मग सावकाश पाय आत घेते. तिला खाली घसरावं लागत नाही आणि उतरताना कोणाचा हात धरावा लागत नाही. काचा मोठ्या, खांब बारीक, त्यामुळे मागे बसलेल्या लहान मुलालाही सगळा रस्ता दिसतो.

आणि ती पुढच्या दारातली त्रिकोणी काच! खिट्टी सोडून फिरवली की वारा थेट अंगावर. पावसात मोठी काच वर चढवून हिला जराशी तिरकी केली, की हवा येते आणि बाही कोरडी राहते. एसी नसलेल्या गाडीत, मे महिन्यात, इतक्या साध्या युक्तीनं किती सुख दिलं आपल्याला! ज्यानं ती आखली त्यानं आत बसणाऱ्या माणसाचा विचार केला होता.

आज होतं काय? रेक्झिन फाटतं, आपण गाडी कुशनवाल्याकडे नेतो. तो विचारतो, "फोम टाकू?" आपण हो म्हणतो. स्प्रिंगा निघतात, भंगारात जातात. त्रिकोणी काचेची खिट्टी तुटते, मिळत नाही, मग काच कायमची बंद होते. यात वाईट हेतू कोणाचाच नाही. कारागीर झटपट, स्वस्त पर्याय देतो आणि आपल्याला काय गमावतोय ते माहीत नसतं. स्प्रिंगा नीट बांधून गादी भरणारे हात मात्र आता म्हातारे झालेत.

रोजच्या रस्त्यावर या गाड्या परत आणा, असं आपलं म्हणणं नाही. सीटबेल्ट, एअरबॅग, उंच हेडरेस्ट यांनी जीव वाचतात, त्यांच्याशी तडजोड नको. पण विंटेज रॅलीत संस्थानिकांच्या रोल्स-रॉइस आपण रांगा लावून पाहतो, तेव्हा नोकरदार घरानं वर्षानुवर्षं नंबर लागायची वाट पाहून घेतलेली गाडी कुठं असते? लालबहादूर शास्त्रींनी पंतप्रधान असताना कर्ज काढून घेतलेली फियाट दिल्लीत त्यांच्या स्मारकात जपली आहे. आपल्या घरची फियाट आपणच जपायची.

कायद्याचीही साथ आहे. 2021च्या केंद्राच्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात ठेवलेली, चॅसिस, बॉडी आणि इंजिनात मोठे फेरफार न केलेली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते. तिला 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळतो आणि नोंदणी दहा वर्षं चालते. अशी गाडी रोज वापरता येत नाही, पण प्रदर्शनाला आणि रॅलीला नेता येते. पहिल्या पद्मिनी आता या वयात पोचल्यात, ऐंशीच्या दशकातल्या पुढच्या काही वर्षांत पोचतील. तोवर त्या मूळ रूपात राहिल्या पाहिजेत.

म्हणून गादीला हात लावण्याआधी चारी बाजूंनी फोटो काढा. उसवलेलं कव्हर फेकू नका, नव्याचं माप त्यावरूनच निघतं. कुशनवाल्याला स्पष्ट सांगा, दोन पैसे जास्त घ्या, पण स्प्रिंगा त्याच बसवा. खिट्टी, काच फिरवायचं हँडल, दाराची मूठ हवी असेल तर कुर्ल्याच्या सीएसटी रोडला किंवा पुण्याच्या नाना पेठेत चौकशी करा, आणि मिळालं की एक जास्तीचं घेऊन ठेवा. पवईच्या आयआयटीपासून पुण्याच्या डिझाइन कॉलेजांपर्यंत शिकणाऱ्या मुलांनो, एखादा प्रकल्प या गादीवर करा. मापं घ्या, आराखडे काढा, जुन्या कारागिराशेजारी बसून त्याचं काम चित्रित करा. पुढं नव्या गाडीची सीट आखताना ते तुमच्याच कामी येईल.

ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांच्याकडेही काही ना काही असेल. जुन्या टॅक्सीचालकांकडे, बंद पडलेल्या गॅरेजांच्या माळ्यावर सुटे भाग धूळ खात पडलेले असतील. ते किलोच्या भावानं विकू नका. ज्याच्या गाडीला ते हवेत, त्याच्यापर्यंत पोचवा. आजच ओळखीत विचारायला सुरुवात करा.