चौदा सेकंदांची मावशी

हॉस्टेलमध्ये एखादीला 'एडिटिंग येतं' अशी बातमी एकदा का फुटली, की तिचं काही खरं नसतं! कुणाचा वाढदिवस असो, फेस्टचा प्रोमो असो, नाहीतर सिनिअर्सचा सेंड-ऑफ, रात्री साडेअकराला दारावर टकटक ही होणारच. "अगं, दहा मिनिटांचं तर काम आहे, एक रील करून दे ना!" दुसऱ्या दिवशी माझं जर्नल सबमिशन आहे की ओरल, याच्याशी कुणाला काही देणंघेणं नसतं. मीही नाही म्हणत नाही. कौतुक कुणाला नको असतं?

पण आज या पानावर एक गुपित फोडते. मला एडिटिंग येत नाही. मला टेम्पलेट शोधता येतं.

ज्या सर-मॅडमना हा प्रकार माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. टेम्पलेट म्हणजे आधीच कापून-बेतून ठेवलेला व्हिडिओ. गाणं ठरलेलं, कोणत्या ठेक्याला चित्र बदलणार ते ठरलेलं, अक्षरं कुठून उडत येणार तेही ठरलेलं. आपण फक्त रिकाम्या खणांत आपले फोटो आणि क्लिप्स टाकायच्या. २९ जून २०२० ला सरकारने टिकटॉकवर बंदी घातली, पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने भारतात रील्स सुरू केले, आणि २०२२ मध्ये दुसऱ्याच्या रीलचा साचा उचलून वापरायची सोयही करून दिली. आज कॅनव्हा उघडा, व्हीएन उघडा, टेम्पलेटांचे ढीग पडलेले असतात.

आता ढिगातून नेमकं उचलणं हीसुद्धा एक विद्या आहे बरं का! आधी खण मोजायचे. हाताशी सहाच फोटो असतील तर वीस खणांचं टेम्पलेट घेऊन उपयोग नाही, तेच तेच चेहरे फिरून येतात. मग गाणं बघायचं. पान बिझनेस अकाउंटवर असेल तर सिनेमाची बरीचशी गाणी तिथे मिळतच नाहीत. मग मजकूर बदलता येतो का ते तपासायचं, नाहीतर कुणाच्या तरी लग्नाची तारीख आपल्या फेस्टवर झळकते! शेवटी, नाव अगदी तळाशी येत असेल तर ते वर सरकवायचं, कारण खाली कॅप्शन येऊन बसतं. एवढं जमलं की तुम्हीही आमच्यासारखे 'एडिटर'.

मी टेम्पलेटच्या विरोधात मुळीच नाही, हे आधीच सांगून टाकते. माझी एक ज्युनिअर आहे, तिच्या घरी पापड-लोणच्यांचा लहानसा धंदा आहे. आईचा व्हिडिओ तिने फोनवर टेम्पलेट लावून एका संध्याकाळी बनवला. कोर्स नाही, लॅपटॉप नाही, कुणापुढे हात पसरणं नाही. ज्याला काही येत नाही त्यालाही सुरुवात करता येते, हा टेम्पलेटचा मोठाच उपकार आहे. नाव ठेवणाऱ्यांनी आधी स्वतः एक करून बघावं.

मग माझी तक्रार कशाबद्दल आहे? ती सांगण्यासाठी मावशींची गोष्ट सांगायला हवी.

गेल्या वर्षी मे महिन्यात आमच्या मेसच्या मावशी काम सोडून गावी गेल्या. बावीस वर्षं त्यांनी या हॉस्टेलच्या पोळ्या लाटल्या. आजारी मुलीला न मागता मऊ भात खोलीवर पाठवणाऱ्या, डब्यात पोळी उरली की नाव घेऊन ओरडणाऱ्या अशा आमच्या मावशी. सगळ्यांनी ठरवलं, त्यांच्यासाठी रील करायचं. काम अर्थातच माझ्याकडे आलं.

मी आणि माझी रूममेट एका दुपारी भटारखान्यात गेलो. पोळपाटाचे, तव्याचे, वाफेचे क्लिप्स घेतले. मग रूममेट सहज म्हणाली, "मावशी, दोन शब्द बोला ना." मावशी आधी लाजल्या, पदराला हात पुसले, आणि मग बोलायला लागल्या ते चार मिनिटं थांबल्याच नाहीत. मार्च २०२० मध्ये हॉस्टेल रिकामं झालं, पण लांबच्या राज्यांतल्या काही मुली घरी जाऊ शकल्या नाहीत. मावशी त्यांच्यासाठी मेसमध्येच राहिल्या, भटारखान्याशेजारच्या खोलीत झोपल्या. एकीचा वाढदिवस आला, केक कुठून आणणार, म्हणून शिऱ्यावर मेणबत्ती लावली. ती मुलगी रडली आणि मावशीही रडल्या. भाषा एकमेकींची धड कळत नव्हती, तरी.

मी सगळं रेकॉर्ड केलं. रात्री बसून टेम्पलेट शोधलं. झकास सापडलं! बारा खण, चौदा सेकंद, शेवटी सोनेरी अक्षरांत नाव. मावशींची चार मिनिटांची क्लिप मी सातव्या खणात टाकली. त्या खणाची लांबी एक सेकंदाहून कमी. गाणं वर असल्यामुळे आवाज आपोआप बंद. पाऊण तासात काम फत्ते! रील तुफान चाललं. माजी विद्यार्थिनींनी लाल बदामांचा पाऊस पाडला. मी खूश.

दुसऱ्या दिवशी मावशींना दाखवलं. त्यांनी फोन लांब धरून बघितलं. म्हणाल्या, "परत लाव." परत लावलं. "अजून एकदा लाव." तिसऱ्यांदा बघून म्हणाल्या, "छान केलंय गं पोरी. पण लई पळतंय. अन् मी बोललेलं कुठं गेलं?"

मी म्हटलं, "मावशी, ते लांब होतं ना, बसत नव्हतं."

"असं होय," म्हणाल्या, आणि कणीक मळायला गेल्या.

त्या वेळी मला काहीच वाटलं नाही. पुढच्या आठवड्यात फोनचं स्टोरेज भरलं. नोट्सचे फोटो काढायचे होते, परीक्षा तोंडावर. रील तर झालंच होतं, म्हणून मूळ क्लिप्स उडवून मोकळी झाले. कचऱ्याच्या फोल्डरमधूनही महिन्याभरात त्या गेल्या.

या वर्षी दिवाळीनंतर संपादक मंडळाने सांगितलं, 'मावशींवर दोन पानं लिही.' मी आनंदाने हो म्हटलं. म्हटलं, ती क्लिप ऐकते आणि लिहून काढते. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. माझ्याकडे आता मावशींचा एक सेकंदही नसलेला चेहरा उरला आहे. ओठ हलतात, आवाज गाण्याचा येतो. त्या मुली किती होत्या? मी म्हणते आठ, रूममेट म्हणते अकरा. शिऱ्याची मेणबत्ती आठवते, पण मुलगी कुठली होती ते दोघींनाही आठवत नाही. शेवटी मावशींना फोन लावला. त्या शेतात होत्या, रेंज येत-जात होती. "ते समदं तवाच सांगितलं की गं तुला," म्हणाल्या. "आता फोनवर परत काय तेच सांगू? तू सुट्टीला ये इकडं, मग सांगते." ती दोन पानं काही लिहून झाली नाहीत. त्यांच्याऐवजी हा लेख लिहिते आहे.

आता मुद्द्यावर येते. आपण सगळे इंजिनिअरिंगचे. दुसऱ्या वर्षाला सी प्लस प्लसमध्ये टेम्पलेट शिकतो. कामाची रीत एकदाच लिहून ठेवायची, कोणत्या प्रकारचा डेटा येणार ती जागा मोकळी ठेवायची. पण तिथे एक गंमत आहे. त्या रीतीत न बसणारी वस्तू तुम्ही दिलीत तर कंपायलर पानभर एरर तोंडावर फेकतो. आपण त्याला शिव्या घालतो, पण तो बिचारा आपल्याला वाचवत असतो. रीलचं टेम्पलेट असं काही करत नाही. त्याला चार मिनिटांचं माणूस द्या, ते एक सेकंद कापून घेतं, बाकीचं गपचूप टाकून देतं आणि वर 'तुमचा व्हिडिओ तयार आहे' म्हणतं. एरर नाही, वॉर्निंग नाही. त्यामुळे आपल्याला वाटतं, सगळं बसलं!

आणि जागा नव्हती म्हणावं, तर तेही खरं नाही. जानेवारी २०२५ मध्ये इन्स्टाग्रामने रीलची मर्यादा ३ मिनिटांपर्यंत वाढवली. यूट्यूबने शॉर्ट्ससाठी ऑक्टोबर २०२४ मध्येच तेवढी मुभा दिली होती. म्हणजे थोडी कात्री लावून मावशींचं जवळजवळ सगळं बोलणं बसलं असतं. चौदा सेकंदांची अट ना इन्स्टाग्रामची होती, ना मावशींची. ती मी निवडलेल्या साच्याची होती, आणि साचा मी बोलणं ऐकून नव्हे तर गाणं ऐकून निवडला होता.

एक छोटी गोष्ट राहिली. शेवटी सोनेरी अक्षरांत नाव येणार होतं. टेम्पलेट एकेक अक्षर उडवत आणणारं. मराठीत नाव टाकल्यावर आधी 'म' आला, मग काना एका ठिपक्यांच्या गोलाला चिकटून एकटाच नाचत आला, मग 'व', मग 'श', आणि सगळ्यात शेवटी वेलांटी! इंग्रजीत एकेक अक्षर सुटं असतं, आपल्याकडे काना-वेलांटी अक्षराला धरून असते. ज्याने साचा बनवला त्याच्या डोळ्यांसमोर मराठी नव्हतीच. मी काय केलं? सरळ इंग्रजीत नाव टाकलं. मी कॉन्व्हेंटची, मला त्यात काही खटकलंही नाही. पण मावशींना इंग्रजी वाचता येत नाही. त्यांच्या निरोपाच्या व्हिडिओत त्यांचं नावच त्यांना वाचता आलं नाही! खरं तर अख्खा शब्द एकदम आणणारं अॅनिमेशन निवडायचं आणि मुक्ता किंवा बालू असा देवनागरी फॉन्ट लावायचा, एवढंच करायचं होतं. दोन मिनिटांचं काम. साचा म्हणाला नाही, म्हणून मी केलं नाही.

कुणी म्हणेल, साचे काय आजचे आहेत का? अगदी बरोबर. मोदकाचा साचा आहे, रांगोळीचे छापे आहेत, लग्नपत्रिका तर वर्षानुवर्षं त्याच मजकुराच्या. जात्यावरची ओवीसुद्धा एक साचाच की. माझी रूममेट मला हे शिकवते, कारण माझ्या शाळेत ओवी नव्हती. तिची आजी ओव्या म्हणते. चाल तीच, घडण तीच, पण भाऊ प्रत्येकीचा आपला, माहेर आपलं, दुःख आपलं. आणि रूममेटने सांगितलेली खरी गोम पुढे आहे. ओवीत शब्द जरा जास्त झाला तर आजी तो सुरात ओढून घेते. शब्दासाठी चाल सैल होते. आमच्या टेम्पलेटमध्ये गाण्यासाठी माणूस कापला जातो. फरक एवढाच आहे, पण तो फार मोठा आहे.

म्हणून मित्रमैत्रिणींनो, टेम्पलेट जरूर वापरा. फक्त क्रम बदला. आधी कागदावर एक ओळ लिहा, 'या व्हिडिओतून काय गेलं तर चालणार नाही?' मग त्याला जागा देणारं टेम्पलेट शोधा. नाही मिळालं तर सुरुवातीला आणि शेवटाला टेम्पलेट लावा आणि मधला भाग साधा ठेवा, गाणं बंद करून. कुणी बोलत असेल तर त्याचा आवाज राहू द्या. ठेका चुकला तर चुकू दे. आणि मूळ क्लिप उडवण्यापूर्वी ती नाव-तारीख टाकून कुठेतरी ठेवा. रील दोन दिवसांत खाली जातं. मूळ क्लिप हीच खरी वस्तू आहे, हे मला फार उशिरा कळलं.

रेक्टर मॅडमनाही एक विनंती आहे. हॉस्टेल ऑफिसात एक हार्ड डिस्क ठेवावी, जिथे अशा क्लिप्स जमा करता येतील. आमच्या फोनच्या स्टोरेजवर या इमारतीची आठवण सोडू नये. आम्ही चार वर्षांत निघून जातो आणि फोन तर त्याहून लवकर बदलतो.

हे सगळं आत्ताच लिहायचं कारण म्हणजे, येत्या मे महिन्यात गेटवरचे वॉचमन काका निवृत्त होत आहेत. रील करायची टूम निघालेलीच आहे आणि परवा रात्री साडेअकराला माझ्या दारावर टकटकही झाली. मी हो म्हटलंय, पण या वेळी टेम्पलेट सगळ्यात शेवटी शोधणार आहे. काका बोलायला लागले की थांबत नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

बोलू द्या त्यांना. मी फोन रिकामा करून ठेवलाय.

— तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी