कमरेची बाविशी आणि उसातला गवा

शेतावर जाताना कमरेला रिव्हॉल्वर असावं, अशी हौस आमच्या कोल्हापूरकडच्या पोरांत वाढायला लागलीय. कारण विचारलं तर म्हणतात, बिबट्या हाय, गवा हाय, डुकरं हायत. मग हळूच, "तात्या, पॉइंट टू-टूचं बघू का? हलकं असतंय, धक्का न्हाई, नेमबाजी पण शिकता येतीय." त्यांना तोंडावर सांगतो तेच इथं लिहितो. नेम शिकायला बाविशी झकास, रानात न्यायला कुचकामी. दोन्ही कामं एकाच हत्यारात होतात असं जो सांगतो, त्याला एकतर विकायचं असतं नाहीतर मिरवायचं असतं.

आधी गोळी बघा. तुरीच्या दाण्याएवढी जाड, वजन जेमतेम अडीच ग्रॅम. समोर गव्याचा नर, आठशे-हजार किलोचा. रानडुकराच्या खांद्यावर तर कातडीची ढालच असते, दुसऱ्या डुकराचा सुळा सोसायला दिलेली. त्यात आखूड नळीतून ही गोळी घातली तर डुक्कर मरत नाही, पिसाळतं. आणि पिसाळलेलं डुक्कर काय करतं ते ज्याच्या मांडीला टाके पडलेत त्याला विचारा.

दुसरं, या काडतुसाची रचना. मोठ्या काडतुसाला बुडाच्या मधोमध टोपी असते. बाविशीला तशी टोपी नाही, बुडाच्या काठातच मसाला भरलेला असतो. घोडा काठावर आपटला की बार होतो. काठात एखाद्या जागी मसाला विरळ पडला तर नुसतं टक् वाजतं. रिव्हॉल्वरचा गुण एवढाच, की परत चाप ओढला की पुढचं घर फिरून समोर येतं. पण तो काठ चेपायला घोडा जोरात आपटावा लागतो, म्हणून चापही जड. सरकारी कारखान्यानं 'निडर' नावाचं आठ गोळ्यांचं बाविशी रिव्हॉल्वर काढलं, ते अडीचशे ग्रॅमचं. खिशात ठेवायला छान. पण हलकं हत्यार आणि जड चाप म्हणजे बोट ओढताना नळी हलणारच. अंधारात, धाप लागलेली असताना, वीस पावलांवर बादलीसुद्धा चुकेल. आणि चुकलेली गोळी जाते कुठं? नळी वर उचलली गेली तर किलोमीटरभर सहज. पलीकडच्या पट्टीत कोणीतरी पाणी पाजत असतंच की.

नेमासाठीच घ्यायचं असेल तर मग हलकं कशाला शोधता? चार-सहा इंची नळी, हाताला भार जाणवेल असं पोलाद, फिरवून बसवता येणारी माशी, असं बघावं. रिकाम्या घरावर घोडा टकटकवू नये, घराचा काठ चेपतो. पण माझं ऐकाल तर रिव्हॉल्वर सोडा, रायफल क्लबात जा. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं 2024 ला पॅरिसात कांस्यपदक घेतलं ते बाविशीच्याच रायफलनं, 50 मीटरवर. तिथला दहाचा ठिपका साडेदहा मिलिमीटरसुद्धा नाही. राही सरनोबतनं 2018 च्या एशियाडचं सुवर्ण बाविशीच्याच पिस्तुलानं आणलं. बाविशीची शान ही.

कायद्यालाही हे कळलंय. 1959 च्या शस्त्र कायद्यात पिकाच्या राखणीला ठासणीची बंदूक लिहिलीय, संरक्षणाला नि शिकारीला किमान वीस इंची नळीची बंदूक, आणि बाविशी रायफल क्लबातल्या सभासदाला नेमबाजीसाठी. शेतकऱ्याच्या कमरेचं रिव्हॉल्वर त्या यादीत नाही. त्याला सबळ कारण द्यावं लागतं, आणि "भाऊच्या वाढदिवसाला फोटो काढायचाय" हे कारण चालत नाही. आमच्या घरी वडिलांपासून ठासणीची आहे. ती डुकरं मारण्यापेक्षा पळवतेच जास्त, नुसत्या आवाजानं. तरी दर निवडणुकीला पोलीस ठाण्यात जमा करायला खेपा घालतोच.

बरं, बिबट्या पहिल्या अनुसूचीतला. जिवावरच बेतलं तर कायदा समजून घेतो, पण तसं सिद्ध करता करता शेत विकायची पाळी येईल.

पोरं म्हणतात, मग रात्री दोनला मोटार चालू करायला जायचं कसं? हा प्रश्न खरा आहे. दोघांनी जा, मोठी बॅटरी घ्या, मोबाइलवर गाणी मोठ्यानं लावा, उसाच्या कडेला वाकून बसू नका. पण रात्री दोनला जायचंच कशाला? दिवसा कारखान्यांना वीज, आणि आम्हाला बिबट्याच्या वेळेला. साप चावून माणसं गेली ती त्याच वेळेला. सापावर रिव्हॉल्वर झाडणार काय?

माझं अक्षर बरं म्हणून परवान्याचा अर्ज लिहून घ्यायला पोरं माझ्याकडं येतात. मी आधी दिवसा वीज मागण्याचा अर्ज पुढं सरकवतो. सही करायला निम्मीच थांबतात.