ट्रॅक्टरला थंडी वाजत नाही, बॅटरीला वाजते

सध्या मुक्काम सिरुसेरी. इथे डिसेंबरातही पंखा लागतो, थंडी फक्त आयटी कंपन्यांच्या इमारतींत. पण निफाडकडच्या भावकीचे फोन याच दिवसांत येतात: पहाटे द्राक्षावर फवारणी आहे आणि जुना ट्रॅक्टर उठत नाही.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबलेली हवा तापते, तिच्यावर डिझेल पेटतं. लोखंड गार असलं की ही उष्णता तेच शोषून घेतं. वर ऑइल घट्ट आणि बॅटरी अशक्त, मग इंजिन सावकाश फिरतं आणि हवा तापतच नाही. लेहच्या पोस्टिंगमध्ये हे रोज पाहिलं. तिथे तर साधं डिझेलच गोठतं. उणे ३३ अंशांपर्यंत वाहणारं हिवाळी डिझेल इंडियन ऑइलने लडाखात आणलं ते नोव्हेंबर २०१९ मध्ये. त्याआधी लोक रॉकेल मिसळत. निफाडचा पारा काही पहाटे पाच अंशांखाली उतरतो हे खरं, पण तेवढ्यासाठी टाकीत रॉकेल ओतू नका. पंपाला डिझेलचंच वंगण असतं.

माझं मत स्पष्ट आहे. आपल्याकडे दोष थंडीचा कमी, उतरलेल्या बॅटरीचा जास्त. ती बदलायची नाही म्हणून मग चेंबरखाली शेकोटी पेटवायची, नाहीतर सेल्फच्या टोकांवर पान्हा टेकवायचा. यातला पान्हा सगळ्यात वाईट. ट्रॅक्टर गिअरमध्ये राहिला असेल तर सुरू होताच पुढे झेपावतो, आणि पान्हा धरणारा मोठ्या चाकाच्या पुढ्यातच उभा असतो. माणसं अशी गेली आहेत.

फौजेत गाडीची सकाळ आदल्या संध्याकाळी सुरू होते. टर्मिनल घासा, बॅटरीचं पाणी बघा, टाकी भरून ठेवा. अर्ध्या टाकीत रात्री दव धरतं. सकाळी न्यूट्रल तपासून, सीटवर बसून, क्लच दाबून सेल्फ मारा, म्हणजे गिअरबॉक्समधलं घट्ट ऑइल ओढावं लागत नाही. दहा-पंधरा सेकंदांत उठला नाही तर थांबा, बॅटरीला दम घेऊ द्या. उठला की पाच मिनिटं मंद चालवा, लगेच ब्लोअर नको. आणि हे सगळं उघड्यावर, बंद शेडमध्ये धूर जीव घेतो.

हे सांगितलं की घरून उत्तर ठरलेलं: "नव्या बॅटरीला पैसे कोण घालणार?" एका फवारणीच्या औषधाला किती जातात, असं विचारलं की फोन कट होतो.