घरचा गेम, आपल्याच लेकरासाठी

शिक्षक-पालक मित्रांनो, मुलांना विकतचे गेम देण्याआधी एखादा स्वतः बनवून बघा. एमआयटीचं २००७ पासूनचं स्क्रॅच मोफत आहे, रंगीत ठोकळे जोडायचे, बस्स. मी लेकीसाठी केळी मोजायचा गेम केला (जळगावात दुसरं काय सुचणार!). आवाज माझाच. 'एकोणतीस' ऐकलं की ती ३९ वर बोट ठेवायची. कानावर 'तीस' पडतं ना! तयार गेम नुसतं 'चूक' म्हणतो. मी त्याच रात्री बदल केला: आधी ३० केळी दिसतात, मग एक निघून जातं. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या गणितात 'वीस एक' असं संख्यावाचन आणलं, त्यावर केवढा वाद झाला! अडचण मात्र खरीच आहे. आता लेक 'एकोणचाळीस'ला अडते. आज जेवणं झाली की तेच बसवायचंय.